कवेलू, टिन आणि वांदरं

घरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, घालावे का टिन टाकावं, हे मला आजही सांगता यायचं नाही. कोणी विचारलंच तर मी सरळ म्हणते, बापा, दुसऱ्या कोणाला विचार. त्या एका उन्हाळ्यात माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता आणि त्यातला थोडा अजून तसाच आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. नंतर तर टिन नावालाही मिळेना. चांदूर बाजारपासून जवळच आमची भाजीची वाडी होती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझे मालक आणि माझे भासरे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, भांडले. वाटणी झाली, बोलणं बंद झालं. जुनं घर भासऱ्यांकडे गेलं, सासूही तिथेच राहिली. आम्ही वाडीच्या कडेला नवं घर बांधायला काढलं. भिंती उभ्या झाल्या, वर लाकडं चढली आणि तिथे काम अडलं.

ह्यांना टिन पाहिजे होतं. कापसाच्या जिनिंगवरचं नवं टिन उन्हात चमकताना पाहिलं आणि तेच मनात बसलं. "कवेलू वांदरं फोडते. दरसाल वर कोण चढत बसन?" हे त्यांचं म्हणणं. सासूनं जुन्या घरून निरोप पाठवला, "कवेलू घालत असान तं मी तुमच्याकडं राहाले येईन. टिनाखाली मी पाय ठेवत नाही."

मला सासू पाहिजे होती. हसायचं तर हसा. पोरगी तेव्हा रांगत होती आणि मी दिवसभर वाडीत. शिवाय त्या बाईशी दोन शब्द भांडल्याशिवाय मला दिवस सरल्यासारखा वाटत नसे. हे तर बोलायचेच नाहीत. न बोलणाऱ्या माणसाशी काय भांडणार, डोंबल?

भासऱ्यांची वाडी आमच्या बांधाला लागूनच होती, म्हणून सासू रोज दिसायची. मी विचारलं, "आत्याबाई, टिन काहून नोको?" ती म्हणाली, "तापते. पोरगी भाजून निघन." मला पटलं. माझा भाऊ अकोल्यात टिनाच्या खोलीत राहायचा, तो वैशाखात घरात कमी आणि कडुलिंबाखाली जास्त असे. मी घरी येऊन कवेलू म्हटलं. हे म्हणाले, "कवेलूतून इच्चू पडते. पाळण्यात पडला तं?" तेही पटलं. मी टिनावर आले.

दुसऱ्या दिवशी सासू तापण्याचं विसरून गेली. म्हणे, टिनावर पाऊस वाजते, माणसाचं बोलणं आयकू येत नाही. आमच्या घरात बोलणं होतंच कुठं? पुढं म्हणे, छपरावर सोडलेला दोडक्याचा वेल टिनावर जळते. मग म्हणे, वावधन सुटलं का टिन उडते आन् माणूस कापते. रोज नवं कारण. मिस्त्री विचारी, "बाई, काय ठरलं?" मी म्हणे, उद्या सांगते. सकाळी मी कवेलूची असे आणि दिवेलागणीला टिनाची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सासूचा तर मला रागच येऊ लागला. ज्याच्याजवळ खरं कारण असतं तो एकच सांगतो, इतकं मला कळत होतं. पण ते एक कोणतं हे काही केल्या कळेना.

एक दिवस मेथीच्या जुड्या बांधता बांधता मी चिडलेच. म्हटलं, "आत्याबाई, खरं काय ते सांगा. नाही तं आजच टिन आणाले गाडी अमरावतीले जाते."

ती जुडी बांधत राहिली. मग म्हणाली, "कवेलूले दरसाल माणूस लागते, बाई. एक वर, एक शिडीवर. टिन एकदा ठोकलं का कोणी कोणाले लागत नाही. मंग हे दोघं आपापल्या घरात सुखानं राह्यतीन, आन् मी मेल्यावरच एका जागी येतीन."

आमच्या भावकीत रीतच होती. मिरगाआधी कवेलू फेरायचे, म्हणजे उतरवून, फुटके काढून पुन्हा लावायचे, तर भावानं भावाच्या घरी जायचं. भांडण असो का काही असो. मजूर लावला तर गावात हसं होई. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ध्यानातच आलं नव्हतं. मला त्या म्हातारीची कीव आली आणि स्वतःचा रागही आला.

ह्यांना खरं सांगितलं असतं तर ते त्याच पावली टिन घेऊन आले असते. म्हणून मी सगळं एकदम सांगितलं. टिन तापते, वाजते, उडते, वेल जळते, आणि इच्चू काय, तो टिनाखालीही निघते. ताटावर बसलेल्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुहं डोकं ठिकाणावर नाही. घाल कवेलू, पण मले जेवू दे."

कवेलू चढले. सासू गाठोडं घेऊन आली. पुढच्या उन्हाळ्यात हे वर पाहून म्हणाले, "दोन-चारच फुटले. मी एकटाच घालतो." त्याच दुपारी मी विहिरीवरून आले तर सासू चिंचा झोडायचा बांबू घेऊन वळचणीचे कवेलू फोडत होती. मला पाहून ती जराही दचकली नाही. "वांदरं लय मातले," म्हणाली. "थोरल्याले निरोप धाड, म्हणा घर उघडं पडलं."

भासरे आले. दिवसभर दोघा भावांत "दे" आणि "घे" एवढंच चाललं. सासूनं दोघांची ताटं शेजारी मांडली. जाताना भासरे जमिनीकडे पाहत म्हणाले, "परवाची पाण्याची पाळी तू घे." पुढे ते दरसाल येत राहिले. गळ्यात गळे कधी पडले नाहीत, पण येत राहिले.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात सासू गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वांदरं कुठं गेली कोण जाणे, आमच्याकडे फिरकलीच नाहीत. घर शाबूत. मिरग जवळ आला तसं हे वर पाहून म्हणाले, "यंदा फेराची गरज नाही. दादाले कायले तरास द्याचा?" आणि वाडीत निघून गेले.

ते बांधापलीकडे जाईपर्यंत मी दारात उभी राहिले. मग दारामागचा बांबू काढला.