ठाण्यातली एकुलती एक गाडी

डॉक्टरांच्या गाडीचा स्टार्टर मी पहिल्यांदा मारला, तेव्हा आलेला आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हाताऱ्याला ठसका लागावा तसं खर्र, खर्र, आणि मग काहीच नाही. मागच्या सीटवरून डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घाबरू नकोस. ती विचार करते आहे."

ती जन्मभर विचारच करत राहिली. तिच्यासाठी मी एकदा विचार केला, आणि त्यात काय माती खाल्ली ते सांगतो. आधी चहा संपवा. नंतर माझ्यासोबत बसावंसं वाटेल की नाही, कोण जाणे.

मी ड्रायव्हर. नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे उभं आयुष्य गाडी चालवली. गाडी कसली म्हणता? नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. अंग फायबरचं. कंपनीने थोड्याच काढल्या आणि मग कंपनीच गेली. सिग्नलला लोक विचारायचे, "काका, ही घरी बनवली का?"

डॉक्टरांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "हिला भंगारात घालू नकोस रे. एवढंच." पुढे ते गेले. गाडी आमच्या खोपटच्या बिल्डिंगच्या आवारात आली आणि तिथेच तिचं इंजिन जाम झालं. मी रोज सकाळी तिला पुसायचो. आमची मालती खिडकीतून म्हणायची, "तुमचं पहिलं लग्न हिच्याशीच झालेलं. मी आपली दुसरी."

आता आमची बिल्डिंग पाडून नवीन बांधणार आहेत. सगळ्यांना घरं रिकामी करायची, आणि आवारही. बिल्डरचा माणूस येऊन म्हणाला, "आजोबा, हे उचला. नाहीतर आम्ही उचलू." ते उचलणार म्हणजे कुठे नेणार, हे काय मला कळत नाही?

वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "सामान आणा, इंजिन उभं करतो." सामान शोधत कल्याणला एका जुन्या दुकानात पोचलो. दुकानदार हसायलाच लागला. "या गाडीचं सामान विचारणारे तुम्ही दोघंच. दुसरे डोंबिवलीचे पाटील. दोघंही येता आणि रिकाम्या हाताने जाता. एकदा भेटून घ्या की."

घरी येऊन हे मेहुण्याला सांगितलं, तिथे चुकलो. मेहुणा म्हणजे मालतीचा भाऊ, प्रकाश. त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे आणि जोडीला जुनी नाणी विकतो. त्यामुळे जगातल्या प्रत्येक जुन्या वस्तूतलं आपल्याला कळतं, असं त्याला वाटतं. मलाही वाटायचं.

"भावोजी, दोन आहेत?" तो म्हणाला. "घोटाळा झाला. दोन असल्या की ती जोडी, एक असली तर राजा. एकच उरली असती ना, तर लोक हात जोडून घेऊन गेले असते. काचेच्या घरात ठेवली असती."

"मग दुसरीचं काय करायचं?"

"ते मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही बघा."

मी बघितलं. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडच्या गावात पाटलांचं घर. चारी बाजूंनी टॉवर आणि मधे हे एक कौलारू. चिंचेची फांदी पडून त्यांच्या गाडीचं टप पार फुटलेलं, वर ताडपत्री बांधलेली. पण इंजिन? दर रविवारी आंघोळ करून, टोपी घालून पाटील गाडी चालू करायचे, घरापासून विहिरीपर्यंत न्यायचे आणि उलटी परत आणायचे. पावसात आत छत्री धरून. मला शेजारी बसवून त्यांनी एक फेरी मारली. त्यांची बायको लग्नानंतर याच गाडीतून माहेरी गेली होती. आता ती नाही.

"पोऱ्या रोज कटकट करतो," पाटील म्हणाले. "बोलतो, बाबा, काढ ही, मना टेम्पो लावायचाय. तुमी जाणकार माणूस. तुमीच सांगा, काय करू?"

आता मी कमी बोलणारा माणूस. मालतीला विचारा, जेवताना मीठसुद्धा मी हातानेच खूण करून मागतो. पण त्या दिवशी माझ्या तोंडाला काय झालं होतं? मी म्हणालो, "पाटील, पोराचं ऐका. आपण गेल्यावर ते हिला लाथा घालून काढणार. त्यापेक्षा आपल्या हाताने निरोप दिलेला बरा. लोखंडाची माया किती करायची?" गाडी फायबरची, आणि मी लोखंडाची माया म्हणतोय. पण असं बोलताना माझाच गळा दाटून आला, तो खरा होता. त्यामुळे पाटलांना सगळंच खरं वाटलं.

त्यांनी बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवला. मग विचारलं, "तुमी पण देणार तुमची?"

मी मान हलवली. कमी बोलणाऱ्याचं खोटंही कमी शब्दांत होतं.

चार-आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "दिली. कापताना मी घरात बसून होतो. तुमी बोलला म्हणून धीर आला." मी फोन ठेवला आणि मालतीला म्हणालो, "आता अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच." ती म्हणाली, "मग आनंद का दिसत नाही तोंडावर?"

प्रकाशने घोडबंदर रोडच्या एका साहेबांना गाठलं. त्यांच्याकडे जुन्या गाड्यांची मोठी शेड आहे. ते रविवारी येणार म्हणून मी गाडी धुतली, काचा वर्तमानपत्राने घासल्या, बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवलं. मुलगी दाखवतात तसा प्रकार.

साहेब भला माणूस. वाकून बघितलं, खाली डोकावले, दार लावून आवाज ऐकला. मी म्हणालो, "साहेब, अख्ख्या ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत ही एकच आहे."

"असेल," ते म्हणाले. "काका, राग मानू नका. ही कमी आहे, कारण तेव्हाही कुणाला नको होती. लोकांना हवी असते ती गाडी संपत आली की तिची किंमत वाढते. जी हवीच नव्हती, ती संपली तर कुणाला कळतही नाही."

प्रकाश आवारातल्या नारळाकडे बघायला लागला.

"तुम्ही न्या तर खरं," मी म्हणालो. "फुकट न्या. फक्त कापू नका."

"नेऊन उभी कशी करू? हिला सामान नाही. दुसरी एखादी असती, चालू इंजिनाची, तर तिचं इंजिन आणि हिचं अंग मिळून एक गाडी रस्त्यावर आली असती."

हे तुम्हाला मघाशीच सुचलं असेल. पाटील विहिरीपर्यंत फेरी मारत होते, तेव्हाच. मी शेजारी बसलेलो होतो, मला सुचलं नाही. मी एक मोजण्यात गुंतलो होतो.

साहेबांनी हात पुसले. "खरं सांगू? अशा गाडीला बाजार नसतो. तिच्यावर जीव लावणारा एखादा वेडा असतो, तोच तिचा बाजार. तसा कुणी असेल तर त्याला देऊन टाका. तो वाचवेल हिला."

मी उत्तर देणार तेवढ्यात फाटक वाजलं. पाटील आत येत होते. डोक्यावर टोपी, हातात पिशवी. रविवार असून त्यांना आता काही काम नव्हतं. माझीही गाडी गेली असणार, तर दोघं मिळून बसू, म्हणून आले होते. पिशवीतून सुकटीचा वास येत होता.

त्यांना गाडी दिसली. धुतलेली, फूल ठेवलेली. ते थांबले. मग हळूहळू तिच्याभोवती एक फेरी मारली आणि टपावर, त्यांचं फुटलं होतं नेमकं त्या जागी, तळहात ठेवला.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"गिऱ्हाईक," मी म्हणालो. "एकुलतं एक."

पाटलांनी ते ऐकलं. त्यांनी पिशवी आमच्या पायरीवर ठेवली, टोपी नीट केली आणि माझ्याकडे न बघता फाटकातून निघून गेले.