सिस्टरच्या मागून येणारी

संध्या विरले ही पोशीर गावची. कर्जतच्या एका दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी केल्यावर तिने फिरतं काम धरलं. नेरळच्या बाजूला, कशेळ्याच्या रस्त्यावर, खाली खालापूरकडे आता जागोजागी वृद्धाश्रम झाले आहेत. मुंबईची म्हातारी माणसं हवेच्या नावाखाली तिथे आणून ठेवतात. डॉक्टर कधीतरी येतो. मधल्या दिवसांत संध्या सिस्टर येते. स्कूटीच्या पुढच्या जागेत पेटी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. कुणाच्या पाठीच्या जखमा धुवायच्या, कुणाची लघवीची नळी बदलायची, बीपी, शुगर बघायची, औषध कमीजास्त करायचं असेल तर डॉक्टरला फोन लावून विचारायचं. कामाला बसली की ती फार बोलत नसे. पण हात धुऊन झाल्यावर प्रत्येकाजवळ क्षणभर टेकल्याशिवाय ती उठायची नाही.

ही गोष्ट सुरू झाली ती खालापूरच्या आश्रमात. तिथे पोतनीस सर होते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि शेवटी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. संध्या त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होती तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्याबरोबरच्या बाईंना बसायला सांगा ना. दाराशी किती वेळ उभ्या राहतील?"

संध्याने मागे पाहिलं. दारात ऊन होतं, बाकी कोणी नव्हतं.

"सर, मी एकटीच आलेय."

"असं?" ते ओशाळल्यासारखे हसले. "मला वाटलं दोघी आहात. तुमच्या चपला वाजतात. दुसरीचे पाय नुसते फरशीवर चिकटून सुटतात. अनवाणी असावी."

वय झालं की असं होतं, संध्या मनात म्हणाली. तिने असले प्रकार पुष्कळ पाहिले होते. मेलेल्या बायकोशी रोज भांडणारे आजोबा होते, आरशातल्या बाईला जेवायला बोलावणाऱ्या आजी होत्या. ती ते विसरूनही गेली.

नेरळजवळच्या आश्रमात कुमुदबाई होत्या. त्यांना विसरण्याचा आजार. आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या आणि घास तोंडात धरून ठेवायच्या. संध्या त्यांची पाठ पुसत होती. मधेच त्यांनी मान वळवली, संध्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि गुडघे हळूच पोटाशी ओढून पलंगाचा पायथा रिकामा केला.

"बस," त्या म्हणाल्या. आवाज गंजल्यासारखा झाला होता. "पाय भाजले असतील तुझे. चपला घालाव्यात गं उन्हाच्या."

संध्याच्या हातातला कापूस खाली पडला. तिच्या पायांत चपला होत्या. आणि कुमुदबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या.

नेरळच्या आणि खालापूरच्या माणसांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन्हीकडे जाणारी संध्या एकटीच, आणि ती पोतनीस सरांचं बोलणं कुणाजवळ बोलली नव्हती. त्या दिवशी कुमुदबाईंनी वाटीभर भात खाल्ला. आश्रमातल्या बायकांना केवढा आनंद झाला. संध्याला मात्र पाठीला वारा लागत होता, पंखा बंद असून.

घरी तिने नवऱ्याला, विकासला सांगितलं. तो टेंपो धूत होता.

"उन्हाची फिरतेस, पित्त चढलं असंल," तो म्हणाला.

"मला नाय काय दिसत. त्यांना दिसतं."

विकासने पाण्याचा पाइप खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग थोडे दिवस जाऊ नको."

पण न जाऊन कसं चालेल? जखमा थांबत नाहीत. संध्या जात राहिली, फक्त स्कूटीचा आरसा तिने वर झाडांकडे वळवून ठेवला. भर दुपारी पेज नदीच्या पुलावर आली की रस्ता सुना व्हायचा. शेतं कापून मोकळी पडलेली, माळावर गुरंसुद्धा नसायची. तेव्हा तिला वाटायचं, गाडी एकटीच्या वजनाने चालत नाहीये. आश्रमात शिरताना ती दार जरा जास्तच उघडं ठेवायला लागली. आपण असं का करतोय, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

कशेळ्याच्या अलीकडच्या आश्रमात सुंदरा आजी राहायची. ती मुंबईची नव्हती, आसपासच्याच गावची. आधी त्याच आश्रमात स्वयंपाकाला होती. हात थकले, मागेपुढे कोणी नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या मागची खोली तिला दिली होती. शुगरने पायाला जखम झालेली, ती काही केल्या भरत नव्हती. त्या सकाळी संध्याने पट्टी बदलली. आजी चांगली बोलत होती. "आंबं आलं का गं बाजारात?" तिने विचारलं. संध्याने हसून मान हलवली आणि ती नेरळला निघाली.

नेरळला पोचून ती कुमुदबाईंच्या खोलीत गेली. कुमुदबाईंनी नेहमीसारखे पाय आवरले, मागे पाहिलं आणि तशाच बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा बदलला.

"तिला कुठे सोडलंस?"

"कुणाला, आजी?"

"ती आली नाही." त्यांनी संध्याचं मनगट धरलं. त्या बोटांत एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं. "ती तिथेच बसलीय. त्या बाईपाशी. हाका मारतेय आणि कोणी ऐकत नाही. तू जा ना! जा!"

संध्याने कशेळ्याला फोन लावला. तिथे सोनाली नावाची मुलगी आजी-आजोबांचं सगळं करायची. फोन नुसता वाजत राहिला. संध्याने पेटी उचलली. नेरळच्या बायका विचारत होत्या, काय झालं सिस्टर? तोवर तिने स्कूटी सुरू केली होती.

आल्या रस्त्याने ती परत गेली. तेव्हा मात्र गाडी हलकी होती, अगदी रिकामी. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

आश्रमात सगळं शांत होतं. सोनाली न्हाणीघरात एका आजोबांना आंघोळ घालत होती, नळ जोरात चालू होता. संध्या सरळ मागच्या खोलीत गेली. स्टुलावर जेवणाचं ताट झाकलेलं, तसंच. सुंदरा आजी कुशीवर पडलेली, कपाळ घामाने थबथबलेलं, डोळे अर्धे उघडे. हाकेला ओ नाही. इन्सुलिन टोचून झालं होतं आणि पोटात अन्न गेलं नव्हतं. शुगर पार खाली गेली होती.

"सोनाली!" संध्या ओरडली आणि तिने पेटी उघडली. तोंडातून काही देण्यात अर्थ नव्हता, ठसका लागला असता. शिरेतून ग्लुकोज द्यायला हवं होतं. तिने आजीचा डावा हात धरला. बर्फासारखा थंड, शीर कुठे दिसेना. पाय थंड, मान थंड. मग तिने उजवा हात उचलला.

तो तळहात गरम होता. कोपरापर्यंत ऊब होती, जणू कुणीतरी इतका वेळ दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता आणि आत्ताच सोडला होता. त्या हाताची शीर वर आलेली होती. संध्याने सुई घातली, एका झटक्यात लागली.

सोनाली ओल्या हातांनी दारात येऊन रडायला लागली. "सुई टोचून ताट ठेवलं मी, म्हनलं खातील. तेवढ्यात आजोबांनी अंथरूण भरवलं..."

"रडू नको. साखरेचं पानी करून ठेव," संध्या म्हणाली.

बऱ्याच वेळाने आजीने डोळे उघडले. आधी छत पाहिलं, मग संध्याला.

"तू परत आलीस व्हय?" ती म्हणाली. "ती केवढ्यांदा वरडत व्हती. मी म्हनलं, नको वरडू गं बाय, घसा फुटंल."

त्यानंतर खालापूरला पोतनीस सरांनी दुसऱ्या पावलांचं नाव काढलं नाही. कुमुदबाई जेवतात, थोडंफार बोलतात, पण पाय पसरूनच झोपतात. संध्याने आरसा सरळ केला. मागे फक्त रस्ता दिसतो. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण पुलावर आली की करमत नाही.

सुंदरा आजीचा पाय पावसाळ्याआधी भरून आला. आता ती मागच्या पडवीत बसते, आणि शेजारची खुर्ची कोणाला घेऊ देत नाही. सोनाली त्या बाजूने जाताना पदर सावरून जाते. आता जेवण भरवल्याशिवाय ती आजीपासून हलत नाही.

परवा बीपीचा पट्टा सोडताना संध्याने धीर करून विचारलं, "आजी, कोण हाय ती?"

"मी नाय इचारलं," आजी म्हणाली. "घरी आलेल्या बाईला, तू कोन म्हून इचारत्यात व्हय?"

रिकाम्या खुर्चीकडे न बघता संध्याने पट्टा गुंडाळून पेटीत ठेवला. आतून आजोबांनी हाक मारली, त्यांची नळी बदलायची होती. ती उठली.