बांधाखालची रेती

लडकूकाका एकोणिसाव्या वर्षी रेतीच्या होडीवर गेला, कारण आमची दोन एकर खारजमीन दोन भावांच्या संसाराला पुरण्यासारखी नव्हती. थोरला भाऊ अनंता, म्हणजे माझा बाप, शेतावर राहिला. धाकट्यानं पाणी धरलं. अंजूरमध्ये तेव्हा घरोघरी असंच चालायचं. एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला खाडी आणि दोहोंच्या मध्ये पुरुषभर उंचीचा मातीचा बांध.

मी चार वर्षांची असताना आई गेली. मला वाढवलं ते काकाच्या बायकोनं, तुळजाकाकीनं. त्या दोघांना मूल झालं नाही, त्यामुळे काकाच्या सगळ्या गप्पांना मीच एक गिऱ्हाईक. काका मला 'बाय' म्हणायचा.

त्याचं काम मी होडीत बसून पाहिलंय. खाडीच्या मध्यावर होडी नांगरायची आणि एक लांब बांबू तळाच्या गाळात रोवायचा. कानांत तेलाचे बोळे घालून, एका हातात लोखंडी बादली धरून काका त्या बांबूवरून सरसर खाली जायचा. तीस-पस्तीस फूट. तिथं डोळे उघडून उपयोग नसतो. हातानं चाचपत बादली भरायची आणि दोरीला हिसका द्यायचा, की वरचे दोघं ती ओढून घेत. एका ओहोटीत शंभरावर बुड्या व्हायच्या. भरती चढली की काम बंद.

भरलेली होडी रेतीबंदरावर रिकामी व्हायची आणि तिथून ट्रक मुंबईकडे निघायचे. मुंबई बेटावर बसलेली. समुद्राची बारीक वाळू तिच्या दाराशी, पण बांधकामाला लागते तशी जाड रेती तिच्याकडे नाही. ती डोंगरातून नदीबरोबर येते आणि आमच्या खाडीत येऊन बसते. ऐंशी सालानंतर मुंबई-ठाण्याला इमारतींचं जे पीक आलं, त्यात आमच्या गावातल्या माणसांनी हातांनी वर काढलेली रेती आहे. काकानं त्यातली एकही इमारत पाहिलेली नव्हती. "कं बगायचं? रेती ती रेती," म्हणायचा.

बाबांचं काम बांधावरचं. बांधाच्या पोटात दगडी तोंड होतं आणि त्याला सागवानी झडप. तिला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीचं पाणी ढकलतं तेव्हा ती आपोआप घट्ट मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडते. ती झडप माझ्या आजोबांनी स्वतः घडवली होती. उघाडी साफ ठेवायची आणि बांधाला खेकड्यांची बिळं पडली तर बुजवायची, हे काम गावानं आमच्या घराला दिलेलं. बाबा रोज बांधावरून चालायचे. त्यांच्या मागे दोनशे एकर राता भात उभं असायचं. लाल तांदूळ, खाऱ्या वाऱ्यात तग धरणारा.

सत्याऐंशीच्या सुमारास खाडीच्या मधली रेती संपत आली. होडीचे मालक मोहिउद्दीनशेठ भिवंडीला राहायचे. जुनं कोकणी मुसलमान घराणं, आजोबांच्या वेळेपासून गावाशी जाणंयेणं. त्यांनी सगळ्यांना बंदरावर उभं करून सांगितलं होतं, "बांधाला हात लावायचा नाही. गावाशी आपल्याला वाकडं नको." पण शेठ भिवंडीत, आणि होडी नामा तांडेलाच्या हातात. होडी अर्धी भरून परत आली की माणसांना अर्धीच मजुरी. नामानं होडी हळूहळू काठाकडे सरकवली. बांधाच्या पायाशी रेतीचा थर जाड होता. काका तिथं चाळीस दिवस उतरला.

बाबांनी बांधावरून हाक मारली, "लडक्या, होडी लांब घे! पाया उघडा पडंल!"

काका वर आला, श्वास घेतला, आणि पुन्हा खाली गेला. बाबांना वाटलं, मुद्दाम दुर्लक्ष केलं. खरं तर काकाचे कान तेव्हाच गेले होते. उजव्या कानातून रक्त यायचं, डाव्यात सतत पाण्यासारखा आवाज. होडीवरून काढून टाकतील म्हणून त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं. काकीला तेवढं माहीत होतं.

पुढच्या श्रावणात, अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी बांधाला खांड पडली.

मी शाळेतून आले तेव्हा सगळं गाव बांधावर होतं. आठ-दहा हात बांध तुटून गेला होता आणि त्या तोंडातून खाडी शेतात घुसत होती. माणसं मेढी ठोकत होती, पेंढ्याचे भारे आणि मातीची पोती टाकत होती. टाकलेलं सगळं वाहून जात होतं. काका पोतं छातीशी धरून खाली गेला. त्याच्याइतका वेळ पाण्यात कोणी राहू शकत नव्हतं. तो वर आला, दुसरं पोतं घेऊन गेला, तिसरं घेऊन गेला. चौथ्यांदा वर आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते आणि दोन्ही कानांतून रक्त वाहत होतं. तो बाबांसमोर चिखलात बसला.

"दादा, खाली पायाच न्हाय," तो म्हणाला. "पोकळ हाय सगला. मीच काढलाय तो. माज्या बादलीच्या खुना हायत तिथं."

सगळ्यांनी ऐकलं. नामा तांडेल दहा हातांवर उभा होता. बाबा पाठ फिरवून पेंढ्याचा भारा उचलायला गेले. त्या दिवसानंतर पाच वर्षं ते काकाशी एक शब्द बोलले नाहीत.

दोनशे एकर भात दोन दिवसांत पिवळं पडलं. गावानं वर्गणी काढून खांड बुजवली, पण जमिनीत मुरलेला खार जायला तीन-चार पावसाळे लागतात. काका दुसऱ्या गावाच्या होडीवर जात राहिला. घर एकच, चूल एकच. बाबा आधी जेवायचे, ते उठले की काका बसायचा. काही सांगायचं असलं तर बाबा काकीला सांगायचे, "त्याला सांग, गोठ्याचा कूड पडलाय." काकी काकासमोर जाऊन उभी राहायची आणि ओठ नीट हलवून सांगायची. तोवर आम्हाला सवय झाली होती, काकाशी बोलायचं ते तोंडासमोर जाऊन. बाबांना ही सवय कुठून असणार? त्याला कमी ऐकू येतं एवढंच त्यांना माहीत. किती कमी, ते माहीत नव्हतं.

जमीन अजून खारटच होती तेव्हा गोदामवाले आले. मुंबईत माल शिरला की जकात भरावी लागायची. म्हणून व्यापाऱ्यांना माल हद्दीबाहेर, पण जवळ ठेवायचा होता. आमचा तालुका हद्दीबाहेर, आणि आग्रा रोड हाकेच्या अंतरावर. भात पिको न पिको, गोदामाला सपाट जागा लागते. लोकांनी एकेक करून जमिनी दिल्या. दिघाशीच्या बाजूच्या टेकड्या फोडून मुरूम यायचा आणि आमच्या खारात पडायचा. बाबांनी दोन वर्षं नाही म्हटलं. पण चारी बाजूंनी भराव झाल्यावर आमचं शेत खड्ड्यासारखं खाली राहिलं. पावसाचं पाणी उघाडीपर्यंत पोचेना. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात रोपं कुजली आणि दिवाळीनंतर बाबांनी सही केली.

भराव उघाडीपर्यंत यायला चार दिवस राहिले होते. शुक्रवार होता, भिवंडीच्या सुट्टीचा वार, त्यामुळे डंपर बंद. मी डीएडच्या परीक्षेसाठी घरी होते आणि चुलीपाशी भाकरी टाकत होते. काका ओटीवर, दाराकडे पाठ करून, दोरखंडाला गाठी मारत बसला होता. बाबा खांद्यावर पहार घेऊन दारात थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "लडक्या, चल. बाच्या हातची झडप हाय. मुरमाखाली नको जाया. दोगं मिलून काढू."

माझी भाकरी तव्यावरच राहिली. पाच वर्षांनी मी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकत होते. आता काका उठेल आणि दोघं बरोबर जातील, म्हणून मी मुद्दाम बाहेर गेले नाही. त्यांच्यात आपण कशाला जायचं, असं वाटलं. थोड्या वेळानं बाहेर डोकावले तर बाबा नव्हते आणि काका तिथंच बसून गाठ मारत होता. दाराकडे पाठ असताना त्याला ऐकू येणारच नव्हतं, हे तेव्हा मला सुचलंच नाही; वाटलं, त्यानं ऐकूनही नाही म्हटलं. मला त्याचा राग आला. मी आत आले.

चार वाजेपर्यंत भरती बरीच चढली तरी बाबा आले नाहीत. काकीनं काकासमोर जाऊन विचारलं, "दादा बांधावर गेलं काय?" काका तिच्या तोंडाकडे बघत होता. मग तो उठला आणि पळत सुटला. आम्ही मागे.

उघाडीपाशी फक्त पहारीचं टोक पाण्यावर दिसत होतं. झडप मोकळी करताना वरचा दगड सरकला होता आणि बाबांचा पाय त्याखाली अडकला होता. ओहोटीच्या चिखलात त्यांनी हाका मारल्या असतील, पण सुट्टीच्या दिवशी तिथं ऐकणार कोण? काका कानात बोळे न घालता खाली गेला. किती वेळा गेला ते मोजलं नाही. शेवटी बाबांना छातीशी धरून तो वर आला आणि बांधावर ठेवून त्यांचं तोंड स्वतःच्या लुंगीनं पुसत बसला. मोहिउद्दीनशेठ दुसऱ्या दिवशी मातीला आले. काकाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. काकानं मान हलवली. ऐकू आलेलं नव्हतं.

बाबांनी हाक मारली होती, हे मी कोणाला सांगितलं नाही. फक्त काकीला सांगितलं, बाराव्याच्या दिवशी. ती म्हणाली, "त्यांना सांगू नको. जल्मभर खाईल त्यांना ती हाक."

मी तीन वर्षं गप्प राहिले. दरम्यान खाडीत यंत्राचे पंप आले. एका तासात चाळीस माणसांची रेती ओढणारे. काकाला काम राहिलं नाही. तो ओटीवर बसायचा आणि बाबांच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावरच पानावर यायचा. पूर्वीसारखाच, जणू अजून कोणीतरी आधी उठायचं आहे. मला ते बघवेना. माझं लग्न ठरलं, टेमघरला जायचं होतं. जायच्या आदल्या आठवड्यात मी त्याच्यासमोर बसले आणि ओठ सावकाश हलवत सगळं सांगितलं. दार, पहार, झडप, सगळं.

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"परत सांग, बाय."

मी परत सांगितलं.

"दादा बोलला? माज्याशी?"

"हो."

"लडक्या बोलला, का लडकू?"

"लडक्या."

तो उठून परसात गेला. काकीनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. हातातलं सूप खाली ठेवून ती म्हणाली, "फिटली हौस तुजी. आता रात-दिस मी बगायचं." लग्नाच्या मांडवात ती माझ्याशी धड बोलली नाही.

काका दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पानावर येऊन बसला आणि वाढ म्हणाला. पुढं अठ्ठ्याण्णवच्या मार्गशीर्षात तो छातीच्या दुखण्यानं गेला, तोवर तो असाच आधी जेवायचा, असं काकी सांगते. पण मधूनच हात थांबवून दाराकडे मान वळवायचा. कोणी बोलवलं का, असं तिला विचारायचा. ती नाही म्हणायची, आणि तो तिच्या तोंडाकडे वळला की पुन्हा नाही म्हणायची.