केरबामामांचा बुक्का

दुपारचे तीन वाजलेत. कापड रंगवायच्या कारखान्यातल्या छोट्या प्रयोगशाळेत वैजयंता टेबलावर डोकं टेकते. मोबाईलवर कीर्तन बारीक आवाजात चाललंय. बुवा आता आख्यानाला लागलेत. कोपराखाली एक कागद सहीवाचून पडलाय: 'ही भुकटी हाताळण्यास निर्धोक आहे.' चार वाजता इंदूमामी कामावर येणार, मेलेल्या नवऱ्याच्या जागी. त्याआधी तिची सही झाली पाहिजे. डोळे मिटतात. झांजा काही थांबत नाहीत.

झांजा वाजवतायत केरबामामा. त्यांना जाऊन अडीच महिने झाले. दर गुरुवारी देवळात दोघं शेजारी बसून कीर्तन ऐकायची, तसेच आताही तिच्याशेजारी आहेत. प्रयोगशाळेला देवळाचे खांब आलेत. जमिनीवर घोट्याइतकं लाल-निळं पाणी आहे आणि श्रोते त्यातच मांडी घालून निवांत माना डोलावतायत.

"बसा बाई," मामा म्हणतात. "आज आख्यान तुमचंच हाय."

"माझं कसलं आख्यान, मामा?"

"भुकटीचं."

ती भुकटी म्हणजे वैजयंताची तीन वर्षांची तपश्चर्या. कण इतके बारीक की एकेकटा डोळ्याला दिसायचा नाही. रंगाच्या सांडपाण्यात ओतून ढवळली की ती रंग धरून ठेवते. मग लोहचुंबकानं तिला रंगासकट ओढून काढायचं. ओढ्यात जाणारं पाणी नितळ. ओतायचं काम मामांचं. पिशवी फोडली की खोलीभर काळा धुरळा उडायचा.

मामा आता बुवांच्या जागी उभे आहेत. गाता गाता खोकतात. खोकला मोठा होतो, तसे लोक त्याच्यावर टाळ्यांचा ठेका धरतात.

"थांबवा त्यांना!" वैजयंता ओरडते.

"का वो? रंगात आलंय समदं." मामा तोंड पुसतात. पंचा काळा होतो. "मी तोंडाला बांधायला फडकं मागितलं, तवा तुमी काय म्हणाला हुता? मोठ्यांदा सांगा, मागच्यांस्नी ऐकू येऊ द्या."

ती पायाखालच्या रंगीत पाण्याकडे बघते.

"सांगा की! हसत म्हणाला हुता."

"मामा, बुक्क्याला कुणी तोंड बांधतं का?" ती तेव्हाचंच वाक्य म्हणते.

सगळा मंडप हसतो. मामाही पोट धरून हसतात. मग बुक्क्याचं ताट घेऊन पाण्यातून तिच्याकडे येतात.

"देवाच्या दारात इचारतो. ह्ये काय हाय?"

तिला कागद आठवतो. तीन वर्षं आठवतात.

"बुक्का," ती म्हणते.

"मग लावून घ्या." त्यांचं बोट बर्फासारखं गार आहे. ते मायेनं टेकवतात, आणि दाबतात. दाबतच राहतात. "माफ केलं असं वाटलं व्हय, बाई?"

ती दचकून उठते. मोबाईलवर आरती चाललीय. कपाळ ठणकतंय. हात लावते तर बोटाला काळं लागतं.

गुरुवारचा राहिला असेल, ती स्वतःला समजावते. पण आज मंगळवार. ती खणातून लोहचुंबक काढून बोटाजवळ धरते. ते काळं, अंगावरची बारीक लव उभी राहावी तसं ताठ होतं आणि टुणकन चुंबकाला जाऊन चिकटतं.

"येऊ का, बाई?" दारात इंदूमामी. मोकळं कपाळ, हातात डबा. तिची नजर वैजयंताच्या कपाळावर जाते आणि चेहरा उजळतो. "कीर्तनाला गेल्ता व्हय? मलाबी लावा की. कुंकू गेलं, पर बुक्क्याला कुणाची ना न्हाई."

ती डोळे मिटून कपाळ पुढं करते.

वैजयंताचं काळं बोट अधांतरी थांबतं.

"हा बुक्का नाही, मामी," ती म्हणते. "मामा यानंच गेले. त्यांनी तोंडाला फडकं मागितलं होतं. मी हसले."

इंदूमामी कपाळ मागं घेत नाही. फक्त डोळे उघडते.