कामाच्या हाताला खण

कपडे शिवणाऱ्या त्या बाईला अख्खी गल्ली डावरी म्हणायची. डाव्या हातानं ती कापड असं झरझर कापायची, की बघणाऱ्यानं आपली बोटं आधी लपवावीत! फरशीवर वाकून वाकून कंबरेचा पार भुगा झाला, तेव्हा तिनं सुताराला कापड कापायचं टेबल सांगितलं, कात्री-टेप ठेवायला खण असलेलं. पावतीवर त्यानंच लिहिलं, ‘खण कामाच्या हाताला.’ दुकानासाठी साठवलेले सगळे पैसे तिनं आगाऊ मोजले. भोळेपणा, दुसरं काय!

वर्षभर ‘आज देतो, उद्या देतो’ करून सुतारानं शेवटी कुणीतरी नाकारलेलं टेबल आणून टाकलं. खण उजवीकडे. तिनं ते परत पाठवलं, पण पैसे काही परत येईनात. मग डावरीनं पदर खोचला आणि थेट कोर्ट गाठलं. पैसे बुडाले तर दुकान बुडालं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

सुनावणीच्या दिवशी म्हातारी आई कुरकुरत का होईना, सोबत आली आणि मागच्या बाकावर बसली. कारकुनानं हजेरीची सही घेतली आणि सुतार टुणकन उठला.

“मॅडम, बघितलंत? उजव्या हातानं सही केली! कामाचा हात उजवाच की!”

डावरीनं उजव्या हातातलं पेन झटकन खाली ठेवलं. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

मागून आईचा आवाज आला. “मी सांगते. लहानपणी अक्षरं गिरवताना मी हिचा डावा हात बांधून ठेवायचे. लोक काय म्हणतील, म्हणून. लिहायला लागली उजव्यानं. कात्री मात्र उजव्या हातात काही टिकली नाही. चूक माझी आहे, मॅडम.”

आयुष्यभर आईनं ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. डावरीला रडू फुटलं आणि आनंदानं उडीही मारावीशी वाटली.

न्यायाधीश बाईंनी सुताराला विचारलं, “मापं घ्यायला घरी गेलात, तेव्हा ह्या कोणत्या हातानं कापत होत्या?”

सुतार पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला. “डाव्या,” तो पुटपुटला.

सगळे पैसे परत करायचा हुकूम झाला! सुतारानं भावाला फोन लावला, आणि दुपारी रक्कम कारकुनाच्या टेबलावर आली. पोहोच लिहून द्यायला डावरीनं सवयीनं उजवा हात पुढे केला. आईनं पेन मधल्या मध्ये हिसकावून तिच्या डाव्या हातात कोंबलं. “ज्या हातानं कमावलंस, त्याच हातानं घे.”

सही वेडीवाकडी उमटली. कारकून म्हणाला, “सकाळच्या सहीशी जुळत नाही, बाई. पुन्हा सही करा.”

“अजिबात नाही,” म्हातारी कडाडली, “हीच खरी आहे!”