काजूच्या तेलात माखलेला गिअरबॉक्स

चावी फिरवली की फक्त ‘टक्’. पुन्हा फिरवली तर इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प. मालगुंडचे काका बाकड्यावर डावा पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "संध्याकाळी मुंबयचा गिऱ्हाईक येतोय. गाडी चालू झाली तर माझी, नाय तर त्याची."

काका बोटीवर नोकरीला होते. तिथे साखळीत सापडून डावा पाय कायमचा आखडला. म्हणून त्यांनी ही ऑटोमॅटिक जपानी गाडी आणली. हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, एका पायावर चालते. ही गेली की बाजाराला जायचं तरी दर वेळी कोणाची तरी विनवणी करणं आलं.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत अशी दुसरी गाडी मी पाहिली नव्हती. तिचं ऑईल गळत होतं म्हणून आमच्या दाजींनी गिअरबॉक्स उतरवून सील बदलले होते. दाजी म्हणजे गॅरेजचे मालक आणि मिस्त्रीही तेच. मी त्यांचा वायरमन, उदगीरकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथे कोणी ओळखीचं नव्हतं. दाजींनी काम दिलं, झोपायला माळा दिला, काटे काढून मासे खायला शिकवलं. म्हणून त्यांच्या कामात चूक शोधण्याआधी मी बाकी सगळं तपासायचं ठरवलं.

गिअरबॉक्स परत चढवल्यापासून तक्रारी दोन. सेल्फ लागत नाही. आणि लागलाच, तर वरचा गिअर, म्हणजे मोकळ्या रस्त्याचा ओव्हरड्राइव्ह, कधी पडतो, कधी नाही.

ऑटोमॅटिक गाडी पार्किंग किंवा न्यूट्रलमध्येच चालू होते. त्यासाठी गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. आधी त्याच्यावर संशय घेतला. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला बल्ब लावला. पेटला. स्विच ठीक. ओव्हरड्राइव्हच्या सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे करंट मिळाला की सरकणाऱ्या त्या छोट्या खिट्टीपर्यंत, करंट येत होता. बॅटरी बदलली. पुन्हा ‘टक्’.

"मेल्या, दिवे लावीत बसलायस, दिवाळी हाय काय?" दाजी ओरडले.

"बघतोय, दाजी."

"बघ बघ. गिअरबॉक्स मी बांधलाय, तो पक्का हाय."

घाबरून मी सेल्फ आणखी दोनदा मारला आणि बॉनेटमध्ये वाकलो. हात अ‍ॅक्सिलेटरच्या केबलला लागला. चटका बसला! ती नुसती पेडल ओढायची तार. तिला तापायचं कारणच काय?

कारण एकच. करंट बॅटरीतून निघतो तसा परतही यावा लागतो. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. या गाडीत गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक जाड पट्टी होती, तीच ती वाट, सेल्फचीही आणि ओव्हरड्राइव्हच्या खिट्टीचीही. ती बंद असेल तर करंट मिळेल त्या तारेतून पळतो. टेस्ट लॅम्पला चिमूटभर करंट पुरतो, म्हणून तो खुशाल पेटत होता.

बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर थेट गिअरबॉक्सला लावली. इंजिन पहिल्याच फटक्यात चालू. काका बाकड्यावरून निम्मे उठले.

आता पट्टी खोलली. खाली काळा चकचकीत थर. वासावरून ओळखलं, काजूच्या टरफलाचं तेल. इथे होड्यांच्या लाकडाला ते फासतात. दाजी गंज धरू नये म्हणून गाड्यांनाही खालून फासत. गिअरबॉक्स चढवताना पट्टीखालची जागाही त्यांनी मायेने माखली होती, आणि त्या थरातून करंट जात नाही.

"दाजी, तेल..." मी पट्टीखाली बोट दाखवलं.

"तेलाचं काय? आमच्या बापाची होडी टिकली त्याच्यावर!"

"टिकली असेल, दाजी. पण होडीला सेल्फ नव्हता."

मी मनात ट्रंक भरायला घेतली. मग काकाच खो खो हसले. "दाजीनू, बोटीवर हा असता तर माझा पायपण वाचवलान असता!"

दाजींनी गुपचूप रॉकेलचा डबा आणि पॉलिश पेपर माझ्यापुढे सरकवला. जागा लख्ख घासली, पट्टी आवळली. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, सरळ रस्त्यावर काकांनी स्वतः गाडी हाकली. ओव्हरड्राइव्ह पडला, इंजिनाचा आवाज एकदम मऊ झाला. परत फिरायची जागा मागे पडली तरी काका गाडी पुढेच नेत राहिले.

मुंबईच्या गिऱ्हाइकाला चहा मिळाला, गाडी नाही.

दाजींनी तेल सोडलं नाही. फासायच्या आधी हाक मारत, "वायरमन, तुझे अर्थचे नट झाक रे." आणि रिपेअरनंतर बिघडलेली गाडी आली की मी अजूनही टेस्ट लॅम्प नंतर काढतो. आधी मिस्त्रीला विचारतो, सांगितलेल्या कामाशिवाय प्रेमाने आणखी काय काय केलंत?