आधी आडवी पट्टी

गाडी आली की अंकल मालकाकडे बघतच नसत. चपला काढायच्या, आत शिरायचं, चटई उचलायची आणि अनवाणी पायांनी खालचा पत्रा चाचपायचा. मग बाहेर येऊन निकाल द्यायचा, "वरनं नवरी, खालनं चाळन."

पापडीला त्यांचं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांचे गंजलेले पत्रे कापून नवे बसवायचे, एवढंच काम. मी माझी गाडी आचोळ्याहून नेली ती फक्त रंगासाठी. त्यांनी मागच्या सीटखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला.

"मास्तर, रंग कशाला लावू? भोकाला?"

मी शाळेत शिकवतो. असे प्रश्न मी पोरांना विचारतो. मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

नम्रपणा त्यांच्या अंगी नव्हताच. भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारा म्हणणाऱ्याला ते गेट दाखवत. भाजीवाल्यांवर त्यांचा खास राग. हे लोक टेम्पोत ओलं गोणपाट अंथरून पालेभाजी नेतात, वरून पाणी मारतात आणि ते गोणपाट तिथंच कुजत पडून पत्रा गंजवतं. "भाजी ताजी, गाडी शिळी," असं ते तोंडावर सुनावत आणि त्याच टेम्पोतली मुळ्याची जुडी उचलून घरी पाठवत.

त्यांचा एक नियम होता. गाडीचा तळ कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी वेल्ड करायची. नाहीतर गाडी मधून खचते आणि दारं लागत नाहीत. "आधी आडवी पट्टी, मग कटर." हे ते दुसऱ्या कारागिरांनाही न विचारता सांगत. त्यामुळे धंद्यात त्यांना मित्र कमी.

त्यांची स्वतःची गाडीही जुनीच. आंटींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे गेलेले. रिक्षाच्या धक्क्यांनी त्या रडकुंडीला येत. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचं तर याच गाडीतून, आणि आंटींचं बाहेर पडणं तेवढंच उरलं होतं. एकदा चर्चपाशी उतरताना त्यांची टाच पत्र्यातून खाली गेली.

दुसऱ्याच दिवशी अंकलनी काम काढलं. पट्टी लावलेली दिसली नाही, म्हणून मी विचारलं.

"पट्टी लावली तं तुमची आंटी बसनार कशी? रविवारी मिस्सा हाय ना."

आठवड्यात एक तुकडा कापायचा आणि रविवारच्या आत नवा जोडायचा, असा त्यांचा बेत. पण दाराखालचा उंबराही आतून गंजाने खाल्लेला निघाला. तो कापला आणि गाडी खचली. रविवारी आंटी ठेवणीतली साडी नेसून अंगणात उभ्या, आणि दार लागेना. अंकलनी ते आपटलं, खांद्याने रेटलं, शेवटी शिवी हासडली. आंटी काठी टेकत घरात गेल्या. मला अंकलची फार दया आली. ती त्यांना दिसू नये म्हणून मी निघून आलो.

मग त्यांनी सगळं वेल्डिंग तोडलं. जॅकने गाडी मधून उचलली, दार नीट बसल्यावर पट्टी मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आंटींचे बरेच रविवार घरात गेले. अंकलही चर्चला जाईनात. "ती नाय तं मी पन नाय." फादर स्वतः बोलवायला आले, तेव्हा हातातला ग्राइंडर न ठेवताच अंकल म्हणाले, "दार लागलं की दोघं येऊ, फादर."

पट्टी काढल्यावर एका रविवारी ते लागलं. आंटींनी आत बसून हलकेच ओढलं आणि लागलं. अंकल दुसरीकडे बघत उभे होते, पण कान तिकडेच होते.

गेल्या वर्षी अंकल गेले. गाडी आता त्यांचा मुलगा चालवतो. मिस्सा सुटली की लोक आंटींना हात धरून गाडीत बसवतात, त्यांची काठी आत ठेवतात. दार मात्र त्या कुणाला लावू देत नाहीत.